महाजाल आणि माजघर

दिवेलागणीची वेळ आहे. गोठ्यातली कामे आटोपली आहेत, चुलीवर कालवण उकळते आहे आणि घरची माणसे माजघरात जमली आहेत. जमली आहेत म्हणजे एका छपराखाली आहेत, एवढेच. थोरला मुलगा भिंतीला टेकून मोबाईलमध्ये डोके घालून बसला आहे. धाकटी चादर डोक्यावर ओढून आत काहीतरी पाहते आहे. आई हाक मारते, "अरे, ताट वाढलंय." उत्तर येते, "आलोच!" हे 'आलोच' अर्धा तास लांबते. कालवण निवते, आईचा आवाज चढतो, वडील मध्ये पडतात, मोबाईल हिसकावला जातो आणि पोर न जेवताच उठून अंगणात जाऊन बसते. त्या रात्री घरात सगळे असतात, पण कोणी कोणाशी बोलत नाही.

हे चित्र रंगवायला मला कोणाच्या घरात डोकवावे लागले नाही. पालक सभेला येणारी आई हेच सांगते, आणि वर्गात पेंगणारा मुलगा न बोलता हेच सांगतो. यावर आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, "यंत्रच वाईट, ते घरात आणलं हीच चूक." दुसरे म्हणते, "काळ बदलला, आता हे चालायचंच." मी इतिहास शिकवणारा माणूस. आम्हा लोकांना एक खोड असते. आधी काय घडले, मागून काय घडले, आणि आपल्या आधी ज्यांच्यावर ही पाळी आली त्यांनी काय केले, हे विचारल्याशिवाय आम्हाला मत देता येत नाही. आज आपण मिळून तेवढेच करू.

सुरुवात घरच्याच उदाहरणापासून, म्हणजे रेडिओपासून करतो. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे खेड्यांत, श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, शेतीचा आणि गावच्या प्रश्नांचा कार्यक्रम लागे. गावातली वीसेक माणसे एका संचाभोवती बसत, ऐकत, आणि कार्यक्रम संपला की त्यावर आपापसात बोलत. शंका राहिली तर ती केंद्राला लिहून कळवत.

या मांडणीतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. संच एक होता आणि ऐकणारे वीस होते. कार्यक्रमाला शेवट होता. आणि ऐकण्याच्या पाठोपाठ बोलणे होते. आता हातातल्या मोबाईलकडे पाहा. संच एकट्याचा. चित्रामागून चित्र येतच राहते, त्याला शेवट म्हणून नाही. आणि पाहून झाल्यावर शेजारच्या माणसाशी त्यावर बोलावे, अशी गरजच उरत नाही. म्हणून रेडिओ चांगला आणि मोबाईल वाईट, असा निकाल मी देत नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओही एकट्याच्या कानाशी गेलाच होता. पण ही तीन मापे आपण हाताशी ठेवू. पुढे ती उपयोगी पडतील.

आता इंटरनेटकडे वळू. मराठीत त्याला महाजाल म्हणतात. त्याचा जन्म १९६९ सालचा. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातल्या एका विद्यापीठातील संगणकाने दूरच्या दुसऱ्या संगणकाला पहिला निरोप धाडला. निरोप पुरा जाण्याआधीच यंत्रणा कोलमडली आणि पलीकडे पोहोचली ती फक्त दोन अक्षरे! पुढची वीस-पंचवीस वर्षे हे जाळे बहुतांशी संशोधक, विद्यापीठे आणि सरकारी खाती यांच्यापुरतेच राहिले. सामान्य माणसाच्या घरात ते शिरले १९९० नंतर.

घरात शिरल्यावर घराचे काय होते, याची नीट मोजणी करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहरात झाला. तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ आणि १९९६ साली ९३ कुटुंबांना संगणक, टेलिफोनची जोडणी आणि इंटरनेट दिले आणि पुढे काय होते ते पाहिले. १९९८ साली त्यांनी ७३ घरांतल्या १६९ माणसांचा हिशेब प्रसिद्ध केला. जी माणसे इंटरनेटवर जास्त वेळ घालवत, त्यांचे घरच्या माणसांशी बोलणे थोडे कमी झाले होते, ओळखीपाळखीचे वर्तुळ आकसले होते, आणि उदासपणा व एकटेपणा थोडा वाढला होता. आश्चर्य असे, की ही माणसे इंटरनेट वापरत होती ती मुख्यतः दुसऱ्या माणसांशी बोलण्यासाठीच!

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. यंत्र अडले, की घरातली माणसे ज्याच्याकडे धाव घेत, तो पुष्कळदा घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी असे. ही गोष्ट आपल्या खेड्यातही कोणाला सांगायला नको. सातबारा काढायचा आहे, पीक विम्याचा अर्ज भरायचा आहे, बँकेचा निरोप आला आहे. वडील मुलालाच हाक मारतात, "बाळा, बघ रे जरा हे." पिढ्यान्‌पिढ्या मुलगा बापाला विचारत आला. या एका बाबतीत बाप मुलाला विचारू लागला. दुपारी ज्या मुलाच्या हुशारीवर घराचे काम होते, त्यालाच आपण रात्री म्हणतो, "ठेव तो डबडा बाजूला." मुलाच्या मनात जो गोंधळ उडतो आणि बापाच्या आवाजात जी धार येते, तिचे एक मूळ इथे आहे, असे मला वाटते.

पिट्सबर्गची गोष्ट १९९८ मध्ये संपली नाही. त्याच संशोधकांनी त्या माणसांची पुन्हा गाठ घेतली आणि २००२ साली लिहिले, की पहिल्या काळातले वाईट परिणाम बहुतेक विरून गेले आहेत. त्यांनी दुसरीही एक नवी पाहणी केली. तिच्यात असे दिसले, की जो माणसांत मिसळणारा आहे, ज्याला आधीच सोबती आहेत, त्याला इंटरनेटचा लाभ झाला. जो बुजरा आणि एकटा होता, त्याचा एकटेपणा वाढला. श्रोतेहो, यंत्र तेच. भरल्या घरात त्याने भर घातली आणि रित्या मनाला आणखी रिते केले. म्हणून 'किती तास' हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच 'कोणाच्या हातात आणि कशा घरात' हाही महत्त्वाचा.

ही झाली नव्वदेक घरांची गोष्ट. पण एखाद्या अख्ख्या देशात इंटरनेट पाच-सात वर्षांत घरोघर शिरले तर काय होते? त्यासाठी आपल्याला दक्षिण कोरियात जावे लागेल.

१९९७ सालच्या अखेरीस दक्षिण कोरियावर मोठे आर्थिक संकट कोसळले. नोव्हेंबर महिन्यात देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागावी लागली. मोठमोठे उद्योग बुडाले, लाखो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी सरकारने ठरवले, की देश पुन्हा उभा करायचा तो संगणक आणि दळणवळण यांच्या जोरावर. १९९८ पासून वेगवान इंटरनेट घरोघर जाऊ लागले. शहरांतली वस्ती उंच इमारतींची आणि दाटीची, त्यामुळे तारा टाकणे सोपे गेले. २००२ सालच्या नोव्हेंबरात वेगवान जोडण्यांची संख्या एक कोटीवर गेली, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आतच होती! गृहिणींनी मागे राहू नये म्हणून सरकारने त्यांच्यासाठी संगणकाच्या वर्गांनाही उत्तेजन दिले. मुलांच्या अभ्यासाला उपयोग होईल म्हणून आयांनी हौसेने इंटरनेट घरात घेतले. आपल्याकडे जसे झाले, अगदी तसेच.

याच सुमारास तिथे गल्लोगल्ली 'पीसी बांग' उघडले. 'बांग' म्हणजे खोली. तासाला थोडे पैसे द्यायचे आणि वेगवान संगणकावर बसायचे, अशी ही दुकाने. नोकरी गेलेल्या अनेकांनी हाती होते ते पैसे घालून हा धंदा सुरू केला. १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' नावाचा अमेरिकन खेळ आला आणि तरुण मुले तिथे लोटली. २००१ पर्यंत देशात अशी वीस हजारांवर दुकाने झाली होती.

मुले तिकडे का गेली? तिथल्या विद्यार्थ्याचा दिवस समजून घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही. सकाळी शाळा, शाळा सुटली की 'हागवॉन' नावाच्या खाजगी शिकवण्या, आणि घरी येईपर्यंत रात्र. विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा वर्षातून एकदा, नोव्हेंबरात. तिचे महत्त्व एवढे, की इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणे थांबवतात. आई-वडील कामाला जुंपलेले. प्रगत देशांत सर्वांत जास्त तास राबणाऱ्यांत कोरियन माणसाची गणना वर्षानुवर्षे होत आली. ज्या मुलाला दिवसभर फक्त गुणांनी मोजले जाते, त्याला खेळात सोबती मिळतात, मान मिळतो, आणि हरला तरी लगेच दुसरा डाव मिळतो. घरात विचारणा होते ती एकच, "किती मार्क पडले?" खेळात मात्र कोणीतरी म्हणते, "ये, तुझीच वाट पाहत होतो." मूल कुठे जाईल, हे तुम्हीच सांगा.

पुढे त्याचे टोक गाठले गेले. २००५ साली दाएगू शहरातल्या एका दुकानात अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण सुमारे पन्नास तास जवळजवळ अखंड खेळत राहिला आणि तिथेच कोसळून गेला. २००९ साली सुवोन शहरात याहून भयंकर प्रकार घडला. एक जोडपे रोज पीसी बांगमध्ये जाऊन खेळातल्या एका काल्पनिक मुलीचे संगोपन करत बसे, आणि घरी त्यांची स्वतःची तीन महिन्यांची मुलगी उपासमारीने गेली. हे सांगताना जीभ अडखळते. पण ते सांगितले पाहिजे, कारण त्या घरात इंटरनेटच्या आहारी गेलेले कोणी पोर नव्हते. ते आई-बाप होते.

लोकांत खळबळ उडाली. सरकार आधीपासून जागे होते. २००२ सालीच या सवयीसाठी सल्ला केंद्र सुरू झाले होते, पुढे मुलांसाठी शिबिरेही निघाली. शेवटी २०११ साली कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत इंटरनेटवरचे खेळ खेळण्यास बंदी. २० नोव्हेंबर २०११ पासून तो अमलात आला. बाराच्या ठोक्याला जादू संपणाऱ्या परीकथेतल्या सिंड्रेलाचे नाव लोकांनी त्या कायद्याला दिले. २०१४ साली तिथल्या घटना न्यायालयानेही तो वैध ठरवला.

मग काय झाले? बारा वाजले की मुलाचे खाते बंद होई, म्हणून मुले आई-वडिलांच्या नावाने आणि त्यांच्या नोंदणी क्रमांकाने खेळात शिरू लागली. कायदा मुख्यतः संगणकावरच्या खेळांसाठी होता. तोपर्यंत खेळ मोबाईलवर उतरले आणि पोरे तिकडे गेली. सरकारने एक दार लावले, तर दुसरे उघडे राहिले. अखेर २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने हा कायदा मागे घेण्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून तो रद्द झाला. त्याच्या जागी दुसरी एक तरतूद पुढे चालू राहिली. ती २०१२ पासूनच होती, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. तिच्यात खेळाच्या वेळा ठरवायच्या त्या मुलाने किंवा त्याच्या पालकांनी. म्हणजे दहा वर्षे देशाच्या घड्याळावर भरवसा ठेवून शेवटी सरकारनेच ते घड्याळ घरच्या भिंतीवर आणून टांगले.

दार लावण्याचा असला अनुभव आपल्याला अगदीच नवा नाही. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, संगीताचे जाणकार. हलक्या सिनेसंगीताने तरुणांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. तरुणांनी काय केले? रेडिओची कळ फिरवून सिलोन लावले! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी पुन्हा आपल्याकडे आली. केसकरांची तळमळ खोटी नव्हती. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठेच आहे. पण पोरांना काय आवडते आणि का आवडते, हे त्यांच्याजवळ बसून विचारले नाही, की चांगल्या हेतूची अशी गत होते.

याचा अर्थ धोका नाहीच, असा कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या यादीत खेळांच्या व्यसनाचा समावेश केला. ती यादी लागू झाली १ जानेवारी २०२२ रोजी, कोरियातला कायदा संपला त्याच दिवशी! मात्र संघटनेने त्यासाठी घातलेल्या अटी शिक्षकांनी नीट ध्यानात घ्याव्यात. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा. इतर सर्व आवडीनिवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच पुढे आलेला असावा. नुकसान होते आहे हे दिसत असूनही तो वाढतच चाललेला असावा. आणि हे सारे साधारणपणे वर्षभर तरी चाललेले असावे. तेव्हा सुटीत दोन दिवस मोबाईल घेऊन बसलेल्या पोराला "तू व्यसनी आहेस" म्हणून हिणवू नये. त्याचप्रमाणे वर्षभर कोमेजत चाललेल्या पोराकडे "वयच तसं आहे" म्हणून काणाडोळाही करू नये.

आता आपल्या देशी येऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. मुंबईसारख्या मोजक्या शहरांत, टेलिफोनच्या तारेवरून, खर्चही मोठा. खेड्याला त्याचा पत्ताही नव्हता. पुढे शहरांत आणि तालुक्याच्या गावी सायबर कॅफे निघाले. तिथे निदान इतरांच्या नजरेसमोर बसावे लागे, आणि तास संपला की उठावे लागे. खरा पालट झाला २०१६ च्या सप्टेंबरात. जिओची सेवा सुरू झाली, पहिले काही महिने तर फुकटच, आणि पुढे सगळ्यांचेच दर कोसळले. मग मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि शाळाच मोबाईलवर आली. ज्या शिक्षकांनी "मोबाईल शाळेत आणू नका" म्हणून सांगितले होते, त्यांनाच "मोबाईल घ्या" म्हणून सांगावे लागले. ज्या घरात एकच मोबाईल होता, तिथे बापाने तो शेतावर न नेता मुलाजवळ ठेवला. कोणी उसनवारी करून नवा घेतला. तेव्हा हे यंत्र पोरांनी चोरून घरात आणले नाही. आपणच, त्यांच्या भल्यासाठी, त्यांच्या हाती दिले. हे विसरून आपण बोलू लागलो, तर मुलांना आपले बोलणे पटणार नाही.

आणि आपले स्वतःचे काय? मी माझेच सांगतो. एके संध्याकाळी माझी मुलगी शाळेतली काही हकिकत सांगत होती. मी "हं, हं" करत मोबाईलवर आलेल्या कॉलेजच्या सूचना वाचत होतो. ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, मी काय सांगितलं, सांगा बघू." मला सांगता आले नाही. ती रागावली नाही, रडली नाही, उठून आत गेली. दुसऱ्या दिवशीपासून तिने सांगणेच सोडले. ते पुन्हा सुरू व्हायला पुष्कळ दिवस लागले. वर्गात मी संवादाच्या महत्त्वावर तास घेतो, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागली.

याच ठिकाणी मला सांगली जिल्ह्यातल्या एका गावाची आठवण होते. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती तीनेक हजार, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारी माणसे. कोरोनाच्या काळात मुलांच्या हाती गेलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने मिळून ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास गावातले सगळे मोबाईल आणि टीव्ही बंद राहतील. १५ ऑगस्ट २०२२ पासून भोंगा वाजू लागला. इंटरनेट देशात आले तोच हा दिवस, सत्तावीस वर्षांनंतरचा!

या निर्णयातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट भोंगा ही नव्हे. पहिल्यांदा गावातल्या पुरुषांनी या कल्पनेची टर उडवली होती. मग बायकांची सभा झाली. आपणही टीव्हीवरच्या मालिका फार पाहतो, हे बायकांनी कबूल केले आणि बंद ठेवायला त्या तयार झाल्या. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनी घरोघर जाऊन समजूत घातली. म्हणजे बंदी फक्त पोरांवर नव्हती. त्या दीड तासात आजीची मालिकाही बंद आणि बापाचा मोबाईलही बंद. कोरियाच्या कायद्यात रात्री बाराला मुलाचे खाते बंद होई, पण बाप शेजारच्या खोलीत काय करतो आहे हे कोणी विचारत नसे. वडगावात मोठ्यांनी आधी स्वतःला नियम लावून घेतला. शिवाय कोरियातली बंदीची वेळ झोपेची, तर वडगावची वेळ अभ्यासाची, स्वयंपाकाची आणि गप्पांची. नुसते यंत्र बंद करून वडगाव थांबले नाही. त्या दीड तासात काय करायचे हेही लोकांना ठाऊक होते.

आता आपण सुरुवातीला बाजूला ठेवलेली तीन मापे पुन्हा हाती घेऊ. प्रत्येक गावाला भोंगा बसवता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण घरापुरते तीन नियम करता येतील. पहिला, जे पाहायचे त्यातले काही तरी सगळ्यांनी मिळून पाहावे. मुलगा काय पाहतो ते विचारावे, त्याच्या शेजारी बसून पाहावे, त्याचा खेळ त्याच्याकडूनच समजून घ्यावा. आपल्याला तो पोरकट वाटला तरी हरकत नाही. दुसरा, शेवट ठरवावा. यंत्र आपण होऊन थांबत नाही, तेव्हा थांबण्याची वेळ घराने ठरवायची, आणि ती भांडणाच्या भरात न ठरवता सकाळी, शांतपणे, मुलाला विचारून ठरवायची. ठरलेल्या वेळी सगळ्यांचे मोबाईल एका कोनाड्यात गेले पाहिजेत, आणि पहिला मोबाईल वडिलांचा गेला पाहिजे. तिसरा, त्यानंतर बोलणे हवे. पण ते मार्कांबद्दल नको. दिवसभरात कोण भेटले, कोण हसले, कशाची भीती वाटली, हे विचारावे. आपलेही सांगावे. बापाने आपली अडचण सांगितली म्हणजे तो लहान होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गात पेंगणारे मूल दिसले, तर शिक्षा करण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारा, "रात्री जागा कशासाठी असतोस?" पुष्कळदा उत्तर मोबाईल असे येईल. पण त्याच्या मागे आई-वडिलांची भांडणे असतील, कर्जाची काळजी असेल, किंवा शाळेतलाच एखादा छळ असेल. पिट्सबर्गच्या पाहणीत हेच दिसले होते. जो आधीच एकटा आहे, त्याला हे जाळे जास्त गुरफटते. आणि गोष्ट आपल्या हाताबाहेरची वाटली, तर संकोच करू नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी खास उपचार केंद्र आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मनाच्या कोणत्याही अडचणीबद्दल फुकट सल्ला विचारता येतो. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो. मन आजारी पडले तर तसेच जावे, त्यात लाज कसली?

श्रोतेहो, मोबाईल आता घरातून जाणार नाही, आणि तो जावा असे मी म्हणतही नाही. मुलाला त्याच्यावर शिकायचे आहे, आपल्याला त्याच्यावर बाजारभाव पाहायचा आहे, परगावी नांदणाऱ्या लेकीचा चेहराही त्याच्यावरच दिसणार आहे. आज तुम्ही घरी आहात आणि तुमचे मूलही घरी आहे. पुढे शिक्षणासाठी, नोकरीसाठी ते शहरात जाईल. मग त्याच मोबाईलवर आपण त्याच्या फोनची वाट पाहत बसू. तेव्हा त्याला आपल्याशी काही बोलावेसे वाटेल की नाही, हे आजच्या संध्याकाळीच ठरत असते. तेव्हा आज पोर काही सांगू लागले, तर हातातले यंत्र पालथे ठेवा आणि त्याच्याकडे पाहा.